सरांची नक्कल

मी मुलांना कधी मारलं नाही. नोकरीच्या पहिल्या वीस वर्षांत हे वाक्य मी बऱ्याच ठिकाणी सांगितलं. पालकसभेत सांगितलं, प्रशिक्षणात सांगितलं, रविवारी शिरूरला चर्चमधून बाहेर पडताना कुणी शाळेचा विषय काढला तर तिथंही सांगितलं. ते खरं होतं. माझ्या हातात खडूशिवाय काही नसायचं. छडीची मला गरजच पडत नव्हती, कारण मला बोलता यायचं.

शाळा दौंड तालुक्यात, राहूच्या अलीकडं. मी राहायला शिरूरला. सकाळी मोटरसायकलवर न्हावऱ्यामार्गे निघायचं. भीमेचा पूल ओलांडला की तालुका बदलतो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस सुरू होतो. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. सहावी-सातवीचं गणित माझ्याकडं होतं. तास शांत चालायचा. शेजारच्या वर्गावरच्या बाई म्हणायच्या, "सर, तुमच्या वर्गात मुलं आहेत का नाहीत, तेच कळत नाही." मी ते कौतुक समजत होतो.

'आनंददायी शिक्षण' हा शब्द मी नोकरीला लागल्यापासून ऐकत होतो. दर दोन-तीन वर्षांनी नव्या नावाचं प्रशिक्षण निघायचं. चार्टपेपर, स्केचपेनं, टाळ्यांचे चार प्रकार, दुपारी मसालेभात. आम्ही गटात बसून मुलांचा आत्मविश्वास वाढवण्याचे दहा उपाय लिहायचो आणि गटप्रमुख ते वाचून दाखवायचा. मीही दोनदा गटप्रमुख झालो. परत आल्यावर फळ्यावर उदाहरण लिहायचो, सोडवायचो आणि विचारायचो, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "होऽऽ."

नोकरीच्या विसाव्या वर्षी सहावीत एक मुलगी होती. तिसऱ्या ओळीत, भिंतीच्या कडेला बसायची. अंगानं बारीक, वही स्वच्छ, अक्षर गोल. जूनपासून दिवाळीपर्यंत ती माझ्या तासाला एक शब्दही बोलल्याचं मला आठवत नाही. विचारलं की उभी राहायची आणि जमिनीकडं बघायची. तिच्या वहीचं एक वैशिष्ट्य मात्र माझ्या लक्षात आलं होतं. उत्तराच्या जागी कागद झिजलेला असायचा. काही पानांवर तर भोक पडलेलं. लिहायची, खोडायची, परत लिहायची, परत खोडायची. शेवटी फळ्यावर उत्तर आलं की ते त्या झिजलेल्या जागेवर उतरवून घ्यायची. ही मुलगी फार टापटिपीची आहे, असा मी त्याचा अर्थ लावला.

तिच्याशेजारी गुऱ्हाळावरची एक मुलगी बसायची. आमच्या भागात गुळाची गुऱ्हाळं बरीच आहेत आणि तिथं काम करणारी कुटुंबं उत्तर प्रदेशातून आलेली असतात. हिची मराठी अर्धी, हिंदी अर्धी. ती बोलायची, पण दबक्या आवाजात, तेही फक्त या शेजारणीशी.

दिवाळीनंतरची गोष्ट. मधल्या सुट्टीत मी हात धुवायला पाण्याच्या टाकीकडं गेलो. टाकीच्या पलीकडं सात-आठ मुली शाळा-शाळा खेळत होत्या. मला त्या दिसत नव्हत्या, आवाज तेवढा येत होता. पहिल्या दोन वाक्यांत मला वाटलं, कुणी पुरुष शिक्षक बोलतोय. मग कळलं, की तो मी आहे.

"उभी राहा. काय झालं? जीभ घरी राहिली? दप्तरात बघ, असंल." मग थोडा वेळ शांतता. माझ्या वर्गातल्यासारखीच शांतता. "बस, बस. उभं राहून तरी काय, तेच येणार आहे."

मुली हसल्या नाहीत. ज्या विद्यार्थिनी झाल्या होत्या, त्या खरोखर माना खाली घालून उभ्या असाव्यात. कारण पुढचं वाक्य होतं, "जमिनीवर उत्तर लिहिलंय का? मला पण दाखवा."

हे सगळं माझं होतं. शब्द माझे, मधली थांबण्याची सवय माझी, 'बस, बस' म्हणताना आवाज किंचित खाली नेणं माझं. मी दोन पावलं बाजूला होऊन बघितलं. दगडावर उभी राहून बोलत होती ती भिंतीच्या कडेची मुलगी. एक हात पाठीमागं, दुसऱ्या हातात काडी. आवाज खणखणीत. पाच महिन्यांत मी न ऐकलेला आवाज.

मी हात न धुताच परत आलो.

घरी बायकोला सांगितलं. ती कांदा चिरत होती. म्हणाली, "तुम्ही घरी पण तसंच बोलता." मी म्हणालो, "कधी?" तर म्हणाली, "हे आत्ता 'कधी' म्हणालात ना, तसंच."

दुसऱ्या दिवशी मी जे केलं, ते चांगल्या हेतूनं केलं असं मला त्या वेळी वाटत होतं. आता तसं ठामपणे सांगता येणार नाही. कदाचित मला थोडा रागही आला असेल. तास सुरू झाल्यावर मी म्हणालो, "काल मधल्या सुट्टीत टाकीपाशी कुणीतरी माझ्यापेक्षा चांगलं शिकवत होतं, असं कानावर आलं. अशा हुशार माणसाला आपण बोलवू या. ये, आजचा तास तू घे." आणि तिच्यापुढं खडू धरला.

ती उठली. फळ्यापर्यंत आली. खडू घेतला. वर्गात कुणी हललं नाही. मी मागं जाऊन उभा राहिलो आणि वाट बघितली. ती फळ्याकडं तोंड करून उभी होती. किती वेळ गेला माहीत नाही. मग तिनं खडू परत डब्यात ठेवला, जागेवर आली आणि बसली. मी तरीही म्हणालो, "काल तर जमत होतं." हे वाक्य बोलायला नको होतं, हे बोलतानाच मला कळत होतं.

त्यानंतर चार दिवस ती शाळेत आली नाही.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेलो. घर विहाराच्या मागं, दोन खोल्यांचं. आई कांद्याच्या लागणीला गेलेली, वडील कुरकुंभला कंपनीत पाळीवर. घरी आजोबा होते. दौंडला रेल्वेत गँगमन म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना सगळे आबाच म्हणत. बाजेवर बसून मोबाईलवर बातम्या बघत होते. मला बघून त्यांनी मोबाईल बंद केला आणि आत हाक मारली, "पोरी, सर आल्यात. च्या टाक."

मग मला म्हणाले, "आजारी न्हाई ती. म्हणती, सरांना कळलं. काय कळलं, ते काय सांगत न्हाई. चोरीबिरी केली का काय?"

"नाही आबा. नक्कल केली."

"कुणाची?"

"माझी."

आबांनी माझ्याकडं नीट बघितलं. "चांगली केली का?"

"फार चांगली केली."

"मग?"

वर्गात मी अशाच एका शब्दानं मुलांना गप्प करत असे, पण आबांनी तो तसा विचारला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. शेवटी मी म्हणालो, "मग मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. तिची फजिती झाली. चूक माझी."

"व्हय," आबा म्हणाले. "पर हे मला सांगून काय उपेग? तिला सांगा की."

ती चहा घेऊन बाहेर आली. मी कप हातात घेतला आणि सांगितलं. मला वाटतं, मी एवढंच म्हणालो, की त्या दिवशी मी तुला फळ्यापाशी बोलवलं ते चुकलं माझं, तू शाळेत ये. कुठल्याही विद्यार्थ्यापुढं मी तोपर्यंत असं काही बोललो नव्हतो, त्यामुळं वाक्य नीट जुळलं नाही. ती कपाकडं बघत होती. तिनं विचारलं, "साखर कमी झालीय का?"

"नाही, बरोबर आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती आली.

पुढं मी जे बदल केले त्यातले बरेचसे प्रशिक्षणांत ऐकलेलेच होते. फरक एवढाच, की आता मला त्यांची गरज होती. सुरुवात मी स्वतःच्या तोंडापासून केली. टोमणा ओठांवर आला की फळा पुसायला वळायचं, असं ठरवलं. पहिल्या आठवड्यात फळा इतक्या वेळा पुसला गेला, की पुढच्या बाकावरची मुलं खडूच्या धुळीनं खोकायला लागली.

मग 'समजलं का?' हा प्रश्न सोडून दिला. त्याला 'हो' हे एकच उत्तर मिळतं आणि त्या उत्तराचा काही उपयोग नसतो. त्याऐवजी मी विचारायला लागलो, "कुठपर्यंत येतं?" उदाहरण जिथवर जमलं, तिथं वहीत आडवी रेघ मारायची आणि पुढं काही लिहायचं नाही. सुरुवातीला कुणीच रेघ मारेना. सगळे फळ्यावर उत्तर आलं की ते उतरवून घ्यायचे. मी उत्तर लिहिणंच बंद केलं, तेव्हा नाइलाजानं रेघा दिसायला लागल्या. दोन मुलांची रेघ तर उदाहरणाच्या आधीच होती. म्हणजे त्यांना प्रश्नच वाचता येत नव्हता. सहावीतल्या मुलांचं हे मला दिवाळीनंतर कळत होतं.

खोडरबर बंद केला. चुकलं तर एक रेघ मारून खाली परत लिहायचं, चूक वाचता आली पाहिजे. यावर मुलं सर्वांत जास्त कुरकुरली. भिंतीच्या कडेची मुलगी तर आठ दिवस बोटाला थुंकी लावून खोडत होती. मी बघितलं आणि गप्प बसलो.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शिकलो. याआधी मी किती थांबतो, ते एकदा मनात मोजून बघितलं होतं. तीन आकडेसुद्धा होत नव्हते. आता हात पाठीमागं घेऊन बोटांवर दहापर्यंत मोजायचो. दहा आकडे हा वर्गात फार मोठा वेळ असतो. चौथ्या-पाचव्या आकड्याला मुलं अस्वस्थ व्हायची, सातव्या-आठव्याला एखादा हात अर्धा वर यायचा.

आणि एक ठरवलं, की थेट उत्तर कुणालाच विचारायचं नाही. आधी शेजारच्याला सांगायचं. मग मी विचारणार, "तुझ्या शेजाऱ्याचं काय म्हणणं आहे?" म्हणजे जो उभा राहील तो दुसऱ्याचं उत्तर सांगेल. चुकलं तर त्याचं स्वतःचं काही चुकलेलं नसेल.

वर्गात गोंगाट वाढला. शेजारच्या बाई दोनदा दारात येऊन गेल्या. मुख्याध्यापकांनी बोलवून विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" मी बरी आहे म्हणालो. तीन आठवडे गेले तरी चाचणीतल्या गुणांत काही फरक नव्हता, उलट थोडे कमीच झाले. सगळं सोडून पूर्वीसारखं सुरू करावं, असं त्या दिवसांत मला एकदा नव्हे, बऱ्याचदा वाटलं.

ती मुलगी बोलली जानेवारीत. अपूर्णांकांची बेरीज चालू होती. मी तिच्याकडं न बघता, तिच्या ओळीकडं हात करून विचारलं, "शेजारणीचं काय म्हणणं?" आणि मोजायला लागलो. नवव्या आकड्याला ती उठली.

"ती म्हणती," तिनं सुरुवात केली, आणि मग तिचा आवाजच बदलला. गुऱ्हाळावरच्या मुलीचा तो दबका, घाईघाईचा, हिंदीमिश्रित आवाज. "अरे, पहले नीचेवाला देख ना. नीचेवाला येगळा हाय तर वरचा कैसा मिळवणार?"

वर्ग हसला. मी पटकन गुऱ्हाळावरच्या मुलीकडं बघितलं, कारण तिला लागलं असतं तर मला हे तिथंच थांबवावं लागलं असतं. तीच सर्वांत जास्त हसत होती. तोंडावर ओढणी धरून, बाकावर डोकं टेकवून. आपलं बोलणं कुणी इतकं नीट ऐकलंय, हे तिला बहुतेक पहिल्यांदाच कळत होतं. मी म्हणालो, "बरोबर. छेद आधी बघायचा. बस." त्या 'बस'मध्ये माझा आवाज खाली गेला नाही, याची मी काळजी घेतली.

त्या दिवसापासून ती बोलायला लागली, पण दुसऱ्यांच्याच आवाजात. रोज जोड्या बदलायच्या, त्यामुळं तिला रोज नवा आवाज मिळायचा. मुलं वाट बघायची, आज कुणाचा नंबर. ज्याची नक्कल व्हायची त्याचं उत्तर अख्खा वर्ग कान देऊन ऐकायचा. त्यामुळं उत्तर नीट सांगावं, असं त्यालाही वाटायला लागलं. मी हे ठरवून केलेलं नव्हतं. 'आता तुझं स्वतःचं सांग', असं म्हणायचा मोह मला रोज होत होता. टाकीपाशी ऐकलेल्या आवाजाला मी एकदा घाई केली होती, म्हणून गप्प राहिलो.

फेब्रुवारीच्या मध्यावर कधीतरी मी फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन, असं लिहिलं. त्या दिवशी ती वर्गातल्या एका हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाशेजारी होती. उठली, त्याच्यासारखी मान ताठ केली आणि त्याच्या ठाम आवाजात म्हणाली, "वरचे दोन मिळवायचे, खालचे दोन मिळवायचे. दोन छेद पाच. सोप्पंय."

मुलं हसली. ती बसली नाही. मी मोजत होतो, कितीपर्यंत आलो होतो ते विसरलो.

"पण मला तसं न्हाई वाटत," ती म्हणाली. हा आवाज तिचा होता. टाकीपाशी ऐकला होता त्यापेक्षा बराच लहान. "अर्धी भाकरी हाय. तिच्यात आजून भाकरी घातली. मग ती अर्ध्यापेक्षा कमी कशी व्हईल?"

"कमी कुठं झाली?" तो मुलगा म्हणाला.

"पाचातली दोन म्हंजी अर्ध्याला कमीच की. अर्धी व्हायला अडीच लागत्यात."

वर्ग शांत झाला, पण ही शांतता माझ्या जुन्या तासांसारखी नव्हती. पोरं बोटांवर, वहीत, बाकावर पाच भाकऱ्या मांडून बघत होती. तो हुशार मुलगा थोडा वेळ वहीत बघत राहिला, मग त्यानं आपल्या उत्तरावर एक रेघ मारली. मी विचारलं, "मग उत्तर काय?"

"ते न्हाई येत आजून," ती म्हणाली. "इथपर्यंतच येतं."

त्या दिवशी मी पुढचं शिकवलं नाही. भाकऱ्यांवरच तास संपला. इतक्या वर्षांत मी ही बेरीज शेकडो मुलांना शिकवली होती आणि उत्तर अर्ध्यापेक्षा जास्तच यायला हवं, हे आधी बघा, असं मी एकदाही सांगितलं नव्हतं. मला ते सुचलंच नव्हतं. मी छेद समान करायला सांगत होतो आणि मुलं करत होती.

मार्चमध्ये केंद्रप्रमुख भेटीला आले. त्यांनी वह्या मागवल्या. पानोपानी रेघा मारलेल्या चुका, अर्धवट सोडलेली उदाहरणं. त्यांनी एक वही माझ्यापुढं धरली. "सर, हे काय?" मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग वर्गाला एक उदाहरण घातलं. नेमकं तिलाच उठवलं. तिनं अर्धं उदाहरण तोंडी सांगितलं आणि थांबली. "इथपर्यंत येतं."

"पुढचं का येत नाही?"

"पुढचं सर सोमवारी घेणारेत."

केंद्रप्रमुख हसले. जाताना भेटीच्या वहीत त्यांनी शेरा लिहिला, 'विद्यार्थी धीटपणे बोलतात. वह्यांच्या स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.' मुख्याध्यापकांनी मला त्यातलं दुसरं वाक्य दोनदा वाचून दाखवलं.

त्या वर्गात तीस मुलं होती. सगळी बोलायला लागली असं नाही. तीन-चार जणांवर माझ्या कशाचाच परिणाम झाला नाही. ज्या दोघांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यातला एक वाचायला लागला, दुसऱ्याचं कुटुंब उन्हाळ्यात गाव सोडून गेलं. गुऱ्हाळावरची मुलगीही त्याच उन्हाळ्यात गावी गेली आणि परत आली नाही. तिचा फोन नंबर शेजारणीकडं होता, तो लागायचा बंद झाला. असं दरवर्षी होतं. हजेरीपटावर आम्ही 'स्थलांतरित' लिहितो.

सातवीनंतर भिंतीच्या कडेची मुलगी वरवंडला हायस्कूलमध्ये गेली. माझी बदली शिरूर तालुक्यात झाली, कोरेगाव भीमाच्या बाजूला. तिथल्या माझ्या वर्गात निम्मी मुलं कंपन्यांमधल्या कामगारांची, चार भाषा बोलणारी. दौंडकडच्या बातम्या आता जुन्या सहकाऱ्यांच्या फोनवरून कळतात. आबा गेले, हेही तसंच कळलं. दहावीला तिला बरे गुण मिळाले. गणितात सर्वांत कमी, मराठीत सर्वांत जास्त.

मागच्या वर्षी एका लग्नाहून परत येताना मी चौफुल्याला एसटीची वाट बघत होतो, तिथं ती मला भेटली. आधी मी ओळखलं नाही. तिनंच हाक मारली. दौंडला कॉलेजला जाते, म्हणाली. वरवंडहून एसटी वेळेवर मिळत नाही, कंडक्टर पासवाल्या मुलांना दारात उभं करतात, या विषयावर आगारात अर्ज द्यायला ती चार मुलींना घेऊन गेली होती. आगारातले साहेब काय म्हणाले, ते तिनं मला पाच मिनिटं सविस्तर सांगितलं. अर्जाचं पुढं काय झालं, असं मी विचारलं.

"अजून काही न्हाई," ती म्हणाली. "परत जाणार हाय आम्ही, पुढच्या आठवड्यात."

तेवढ्यात शिरूरची गाडी लागली. गर्दी होती. ती म्हणाली, "सर, पुढच्या दारानं चढा, तिकडं जागा असती." मी पुढच्या दारानं चढलो. जागा होती.